अ‍ॅथॉलची दोनशे सात आकडी संख्या

अ‍ॅथॉल ब्रॅमिक बायकोच्या बाबतीत कधीच संशयी नव्हता. कागद कारखान्याच्या नाताळच्या नाचात ग्लेनिस तिन्ही पाळ्यांतल्या पुरुषांबरोबर नाचायची, मीही नाचलोय, आणि हा कोपऱ्यात सॉसेज रोल खात खुशाल बसलेला असायचा. ‘ने रे लेन तिला, मला दम लागलाय,’ असं वर मलाच म्हणायचा. या माणसाला मत्सर ठाऊकच नाही, असं आम्ही सगळे बर्नी गावात समजून चाललो होतो. पण मत्सर होता. पुरेपूर होता. फक्त बायकोपायी नव्हता, एका संख्येपायी होता.

आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी बागेला लागलो, काही जण दारूला लागले, आणि अ‍ॅथॉल संख्यांना लागला. शाळा त्यानं पंधराव्या वर्षी सोडलेली, पण भागाकाराचं वेड तेव्हापासूनचं. कारखान्याच्या कचेरीतली जुनी संगणक-यंत्रं भंगारात निघाली, ती त्यानं गाडीत घालून आणली आणि मागच्या शेडमध्ये मांडली. दिवसरात्र ती घूं घूं करत असत. शेडमध्ये इतकी ऊब असायची की ग्लेनिस टोमॅटोची रोपं तिथंच धरायची आणि हिवाळ्यात मोजे तिथंच वाळत घालायची.

संख्या अशी. एक हा आकडा ओळीनं काही शे वेळा लिहायचा. जी अगडबंब संख्या होईल तिचे अवयव शोधायचे, म्हणजे तिला निःशेष भागणाऱ्या संख्या. लहानसहान अवयव पूर्वीच लोकांनी काढून नेले होते. उरला होता दोनशे सात आकड्यांचा एक तुकडा. हा तुकडा मूळ संख्या नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं. तीनचा एक भलामोठा घात घेऊन त्याला या तुकड्यानं भागलं की, तुकडा मूळ संख्या असता तर, बाकी एक उरायला हवी होती, उरली भलतीच. म्हणजे ती संयुक्त आहे, निदान दोन संख्यांच्या गुणाकारातून झालेली आहे. पण त्या दोन संख्या कोणत्या, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

“हे कसं काय बुवा?” मी एकदा विचारलं होतं. “आत काही आहे हे कळतं, आणि काय आहे ते कळत नाही?”

“तुझ्या पोटात काय दुखतंय ते डॉक्टरला कळत नाही,” अ‍ॅथॉल म्हणाला, “पण दुखतंय हे कळतं की नाही?”

अशा न फुटलेल्या संख्यांची एक यादी होती. बेल्जियममधला कुणी माणूस ती संगणकावर सांभाळायचा. कुणीही त्यातली संख्या घ्यावी, आपलं यंत्र लावावं. अवयव सापडला की त्याला कळवावं, मग संख्येपुढे आपलं नाव लागायचं. पैसा नाही, बक्षीस नाही. नुसतं नाव. शिवाय संख्या कुणी अडवून ठेवू शकत नाही. एकाच संख्येवर दहा देशांतली माणसं एकदम बसू शकतात. अ‍ॅथॉलला हेच खुपायचं.

एकदा धक्क्यावर गळ टाकून बसलो होतो. मासे लागत होते तरी याचं तोंड एवढंसं.

“फिनलंडची कुणी बाई आलीये,” तो म्हणाला.

“कुठे? बर्नीत?”

“माझ्या संख्येवर.”

“तुझी कशी? विकत घेतलीस का?”

“दहा वर्षं मी बसलोय तिच्यावर! ही पिर्को कोण कालची येऊन…”

“अरे, संख्या आहे ती. गाय आहे का, कुंपण घालायला?”

 त्या हिवाळ्यात त्यानं आणखी चार भंगार यंत्रं आणली. सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी ती यादी उघडून बघायचा, पिर्कोचं नाव लागलं तर नाही ना. लागलेलं नसलं की मग चहा गोड लागायचा. यादीत दुसऱ्या कुणाची दुसरी एखादी संख्या फुटली की दिवसभर धुमसायचा. ‘नशीब रे, नशीब. चार दिवस यंत्र लावलं आणि घबाड लागलं,’ असं पुटपुटत हिरवळ कापायचा, आणि त्या दिवशी गवताचा अगदी मुळापासून फडशा पडायचा.

नशिबाचं मात्र खरं होतं. त्याची पद्धत अशी की यंत्र दर वेळी उगाच एखादी वाट निवडतं आणि तिच्यावर चालून बघतं. अवयव लागला तर लागला, नाही तर दुसरी वाट. कितपत मोठा अवयव शोधायचा हे आधी ठरवायचं. लहान असेल तर छोट्या वाटा पुरतात, मोठ्याला लांब लागतात. एखाद्या आकाराच्या पुरेशा वाटा तुडवून झाल्या की समजायचं, इथं काही नाही, पुढच्या आकाराकडे चला. हे नुसतं समजायचंच. खात्री कशाचीच नाही. अ‍ॅथॉलनं लहान आकार कधीच मागे टाकले होते, तो आता पंचावन्न आकडी अवयवाच्या मागे होता.

मग ऑपरेशन करून ग्लेनिसचा गुडघा बदलला. ती शाळेच्या उपाहारगृहात काम करून निवृत्त झालेली; पण हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा तो बोल्सचा क्लब, चर्चमधलं गाणं, कुणाचं बाळंतपण, तिचा पाय घरात ठरायचा नाही. आता सक्तीनं ठरला. आठ दिवसांत ती भिंतीवरचा कागद नखानं सोलायला लागली.

“अ‍ॅथॉल, मला काहीतरी दे करायला. तुझं ते आकड्यांचं दे.”

“तुला कंटाळा येईल.”

“कंटाळाच आलाय. याहून काय येणार?”

त्यानं तिच्या लॅपटॉपवर, ज्यावर ती पाककृती बघायची, प्रोग्रॅम घालून दिला. आधी यादीतली कुठली तरी बिनमहत्त्वाची संख्या दिली. ग्लेनिस म्हणाली, “ही नको. तुझी दे. रोज जिचं नाव काढतोस ती.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण द्यायला जीव होत नव्हता. म्हणून त्यानं एक शक्कल केली. संख्या दिली ती स्वतःचीच. पण आकार लावून दिला चाळीसेक आकडी अवयवांचा, जिथं त्यानं आणि पिर्कोनं आणि आणखी पाचपन्नास जणांनी कधीच झाडू मारून ठेवला होता. लहान मुलाला पुढच्या सीटवर बसवून खोटं स्टिअरिंग हातात द्यावं तसं.

“मोठे आकार माझ्याकडे,” तो म्हणाला, “तू लहान बघ.”

“लहान तर लहान,” ग्लेनिस म्हणाली, आणि पाय स्टुलावर टाकून बसली. पडद्यावर वाटेमागून वाट सरकायची, ती विणायची आणि मधूनमधून त्या संख्येला म्हणायची, “चल गं बाई, आटप.” अ‍ॅथॉलला त्याचाही राग यायचा. त्याच्या संख्येला तो स्वतः कधी ‘बाई’ म्हणाला नव्हता.

एका रविवारी दुपारी अ‍ॅथॉल मागच्या मोरीवर फ्लॅटहेड मासे साफ करत होता. आतून हाक आली.

“अ‍ॅथॉल! अरे, हे थांबलंय बघ.”

“थांबलं तर चालू कर परत.”

“काहीतरी लिहून आलंय. आकडेच आकडे. बिघडलं वाटतं.”

तो हात पुसत आत आला. पडद्यावर चव्वेचाळीस आकडे होते आणि वर अवयव सापडल्याची ओळ होती. जी ओळ बघायला त्यानं दहा वर्षं घातली, ती बायकोच्या मांडीवर, लोकरीच्या गुंड्याशेजारी आली होती.

“बिघडलंय,” तो म्हणाला. “शेडमध्ये नेतो. बघतो काय झालंय.”

“हाताला खवले आहेत तुझ्या, बटणांना लावू नकोस.”

शेडमध्ये दार लावून त्यानं भागाकार केला. बाकी शून्य. दुसऱ्या बाजूला राहिला एकशे चौसष्ट आकड्यांचा तुकडा. तो मूळ आहे का, तपासलं. नव्हता. म्हणजे त्याच्या पोटातही अजून काही होतंच. पण पहिला तडा गेला होता. दोनशे सात आकडी संख्या फुटली होती.

“आनंद नाही झाला?” मी नंतर त्याला विचारलं.

“झाला की. दोन क्षण. मग आठवलं, कुणाच्या यंत्रावर.” तो माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलत होता. “लेन, दुसऱ्या कुणाला सापडला असता ना, त्या पिर्कोला जरी, तरी मी आठ दिवस जेवलो नसतो, पण सोसलं असतं. पण ती! तिला अवयव म्हणजे काय हे महिन्यापूर्वी मी सांगितलं. ती विणत होती रे! टाके मोजत होती!”

त्या रविवारी शेडमध्ये त्यानं स्वतःशीच खूप वकिली केली. प्रोग्रॅम मी घातला. आकार मी लावला. विजेचं बिल माझ्या नावावर. ती नुसती समोर बसली होती, आणि समोर तर मांजरही बसतं. असं करत करत त्यानं बेल्जियमच्या माणसाला कळवून टाकलं. अवयव सापडला. शोधणारा: ए. ब्रॅमिक.

संध्याकाळी ग्लेनिसनं विचारलं, “झालं का दुरुस्त?”

“झालं. तापलं होतं.”

लॅपटॉपवर त्यानं यादीतली दुसरीच संख्या लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती तो उघडून बसली आणि लगेच म्हणाली, “ही माझी नाही. माझी तीननं सुरू व्हायची. ही आठनं होतेय.”

आता काहीतरी सांगणं भाग होतं. “ती संपली,” अ‍ॅथॉल म्हणाला. “फुटली. काल… मला सापडला तिचा अवयव.”

तो सांगतो, की ती ओरडली असती, संशय घेतला असता, तर बरं झालं असतं. पण ग्लेनिसनं काठी टाकून दिली आणि लंगडत येऊन त्याच्या गळ्यात पडली. “अरे, मग सांगायचं नाही का रे वेड्या! काल मासे तळत बसलास मुकाट्यानं!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लगेच तिनं फोन उचलला आणि शनिवारी सगळ्यांना बोलावलं.

शनिवारी आम्ही क्लबातले दहाबारा जण त्यांच्या बैठकीत कोंबून बसलो होतो. ग्लेनिसनं एका पायावर उभं राहून भलंमोठं पावलोवा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचं कुरकुरीत गोड, केलं होतं, वर साय आणि पॅशनफ्रूट. अ‍ॅथॉल नवा सदरा घालून बसला होता, पण चेहरा दाढ दुखत असल्यासारखा. मला वाटलं, लाजतोय.

मीच बोललो. आजही वाटतं, गप्प बसलो असतो तर! “काय रे, ती फिनलंडवाली काय म्हणाली? जळाली असेल की नाही?”

“तिचं पत्र आलंय,” ग्लेनिस कौतुकानं म्हणाली. “वाच ना, अ‍ॅथॉल. मीही ऐकलेलं नाही.”

“राहू दे गं.”

“वाच, वाच!” सगळे ओरडले. कुणीतरी त्याचा फोन त्याच्या हातात कोंबला.

त्यानं घसा खाकरून वाचलं. पिर्कोनं फार मोठ्या मनानं लिहिलं होतं. इतक्या वर्षांनंतर हे यश तुम्हालाच मिळायला हवं होतं, वगैरे. आणि पुढे: ‘मला सर्वांत नवल वाटतं ते तुमच्या धाडसाचं. आम्ही सगळे मोठ्या आकाराच्या मागे धावत असताना, झाडून काढलेल्या लहान आकाराकडे परत वळावं, हे तुम्हाला सुचलं कसं?’

टाळ्या पडल्या. ग्लेनिसनं पडू दिल्या. मग हातातला चमचा सायीच्या भांड्यात ठेवला.

“लहान आकार तर माझ्याकडे होता,” ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. अ‍ॅथॉल फोनकडे बघत राहिला.

“अ‍ॅथॉल, त्या रविवारी माझं यंत्र काय लिहीत होतं?”

मागच्या शेडची घूं घूं बैठकीत ऐकू यायला लागली. त्यानं फोन खिशात घातला. ग्लेनिसनं मात्र सगळ्यांना पावलोवा वाढलं, त्यालाही वाढलं, आणि आम्ही खाली मान घालून ते खाल्लं. इतक्या भराभर गोड संपवून कुणाच्या घरातून आम्ही कधी निघालो नव्हतो.

तासाभरानं तो कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे आला आणि वर लिहिलं ते सगळं त्यानं मला तेव्हा सांगितलं. मी त्याला रागावलो. चोर म्हणालो. तो म्हणाला, “हो.” मग म्हणाला, “पण लेन, तो अवयव तिथं होता कसा? त्या आकारात अवयव शिल्लक असणं हजारात एखाद्या वेळी घडतं. मी तिला ती जागा दिलीच मुळी तिथं काही नाही म्हणून!” त्याला लाज होती, मी नाही म्हणत नाही. पण लाजेच्या खाली तो अजून जळतच होता. त्याला क्षमा मागायची होती आणि अवयवही हवा होता.

दुसऱ्या दिवशी तो ग्लेनिसला म्हणाला, “मी बेल्जियमला लिहितो. दुरुस्ती करायला सांगतो.”

“तू नाही लिहायचं. मी लिहिणार.”

“बरं. लिही.”

“आणि एक ऐक. मला ती संख्या नको होती. खरंच सांगते, तू आनंदानं सांगितलं असतंस की अगं तुझ्या यंत्रावर लागला, तर मीच म्हणाले असते, तुझं नाव घाल, मला काय करायचंय. आता मात्र ती मला हवी. सगळी हवी.”

तिनं लिहिलं. दोन दिवसांत यादीत ‘ए’च्या जागी ‘जी’ लागला. एका अक्षराचा फरक, पण अ‍ॅथॉल तो रोज सकाळी बघायचा आणि चहा तसाच टाकून उठायचा.

ग्लेनिस तेवढ्यावर थांबली नाही. उरलेला एकशे चौसष्ट आकडी तुकडाही तिला हवा होता. शेडमधली निम्मी यंत्रं तिनं माझ्याकडून बैठकीत आणवली. मी ओझी उचलत होतो आणि अ‍ॅथॉल दारात उभा राहून, “ते नको, ते माझं चांगलं आहे,” म्हणत होता. “म्हणूनच,” ती म्हणायची, “लेन, ते आधी उचल.” घरात आता दोन आघाड्या उघडल्या. तो शेडमध्ये, ती बैठकीत, दोघं एकाच संख्येवर. जेवणाच्या टेबलावर मीठ मागण्यापलीकडे बोलणं नाही. ती विणता विणता त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची, याला काही लागलंय आणि हा लपवतोय का. तो भांडी धुता धुता तिच्या पडद्याकडे मान वळवायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात ज्यांनी एकमेकांचं पाकीट कधी उघडलं नाही, ती दोघं आता एकमेकांच्या यंत्रांवर टॉवेल टाकून ठेवायला लागली.

“मला कळलं आता तुझं दुखणं,” ती एकदा त्याला म्हणाली म्हणे. “फार वाईट आहे रे हे. झोप लागत नाही.” एवढं बोलून परत टॉवेल नीट केला.

महिना झाला असेल नसेल, आणि एका सकाळी यादीत तो तुकडाही फुटलेला दिसला. दोन मूळ संख्या, एक सत्तरेक आकड्यांची, एक नव्वदेक. आता काहीच उरलं नव्हतं. नाव होतं पिर्कोचं आणि तिच्या मित्रमंडळींचं.

झालं असं होतं, की दोनशे सात आकड्यांची संख्या त्या लोकांच्या आवाक्याबाहेर होती. पण ग्लेनिसच्या चव्वेचाळीस आकडी अवयवानं तिला भागल्यावर उरलेला तुकडा एका वेगळ्याच पद्धतीच्या टप्प्यात आला होता. त्या पद्धतीला नशीब लागत नाही. पुष्कळ यंत्रं आणि सबूर असली की अवयव येतोच. पिर्कोच्या मंडळींकडे दोन्ही होतं. इकडे हे दोघं वाटा तुडवत, टॉवेल टाकत बसले होते.

मी गेलो तेव्हा दोघं एका कोचावर बसली होती. बैठकीतली यंत्रं बंद होती.

“काय हक्क होता तिला?” ग्लेनिस म्हणत होती. “आयत्या बिळावर नागोबा!”

“ढीगभर यंत्रं आहेत ना त्यांच्याकडे,” अ‍ॅथॉल म्हणाला. “कामच काय त्यात? कुणीही करेल.”

“आणि पत्र काय लिहिलंय, ‘तुमच्याशिवाय जमलं नसतं’! मोठी साळसूद.”

“खरंच जमलं नसतं. पहिला तडा पाडला कुणी?” तो थांबला. पुढचे दोन शब्द त्याला किती महाग पडले, ते मी समोर बसून बघितलं. “तू पाडलास.”

ग्लेनिसनं त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. पण हात लांबवून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि दोघं मिळून फिनलंडला शिव्या देत राहिली. त्या दिवशी त्या घरात मला बऱ्याच दिवसांनी चहा मिळाला.

याला आता सहा वर्षं झाली. ग्लेनिसचा गुडघा ठणठणीत आहे, ती क्लबात येते, सामने जिंकते. पण आकड्यांचं तिनं सोडलं नाही. यादीतून तिनं स्वतःसाठी एक संख्या निवडली आहे आणि ती कोणती, हे नवऱ्याला सांगितलेलं नाही. लॅपटॉप जाताना बरोबर घेऊन जाते.

अ‍ॅथॉलनं स्वतःसाठी दुसरी संख्या घेतली, पण त्याचं मन तिच्यात नाही. परवा धक्क्यावर मला म्हणाला, “तू विचार ना तिला. तुला सांगेल. निदान किती आकडी आहे तेवढं.”

मी क्लबात विचारलं. ग्लेनिस हसली. “त्यानं पाठवलं ना तुला? अरे, मी सांगितलं तर हा आपली सगळी यंत्रं तिच्यावर लावेल.”

मी येऊन अ‍ॅथॉलला हे जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल, छे, आता कसा लावीन.

“लावीनच,” तो म्हणाला. “अडीचशेच्या वर असेल का रे?”